तेलाविना तळण? नव्हे, हे तर भाजण!

सदर : घरप्रपंच



दिवाळीला, जत्रेला किंवा उन्हाळी सुटीत पुण्या-मुंबईची मुले गावाकडे येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एखादी नवी वस्तू घरात येतेच. पूर्वी मिक्सर आला, मग फ्रीज आला. आता गेल्या काही वर्षांत एअर फ्रायर येऊ लागला आहे. काळा, गोलसर, पोट सुटलेला डबा. पुढे दांडा आणि दांडा ओढला की बाहेर येणारा खण. “आई, यात तेल न घालता वडे तळता येतात,” असे सांगून मुलगा तो ओट्यावर ठेवतो, दोन दिवस बटाट्याच्या फोडी करून दाखवतो आणि सुटी संपली की निघून जातो. नव्याचे नऊ दिवस सरतात. आई त्यात भजी करून पाहते, पीठ खाली गळते, आणि डबा फडताळावर चढतो तो कायमचा. काही घरी याच्या उलट होते. जाहिरात पाहून, हप्ते बांधून डबा घेतला जातो आणि दर महिन्याला दुधाच्या पगारातून त्याचे पैसे कापले जातात.

अकोले-संगमनेरपासून शेवगाव-जामखेडपर्यंत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (जुन्या वळणाची माणसे अजून नगर जिल्हाच म्हणतात) आता गावोगावी प्रश्न विचारला जातो, की हा डबा घ्यावा की नाही? आणि आलाच आहे घरात, तर त्यात करावे काय? आज याच दोन गोष्टींचा विचार करू.

हा डबा आहे तरी काय?

नावावर जाऊ नका. फ्रायर म्हणजे तळण्याचे यंत्र. पण हा डबा तळत नाही. याच्या माथ्याशी विजेची तार असते. वीज लावली की ती लाल तापते. तिच्या वर एक पंखा असतो. तो गरम हवा जोराने खाली ढकलतो. खालच्या खणात भोकांची जाळी असते, तिच्यावर पदार्थ ठेवायचा. हवा पदार्थाच्या वरून, बाजूने आणि जाळीतून खालूनही फिरते. पदार्थाच्या अंगावरचा ओलावा उडतो, वरचा थर वाळून कुरकुरीत होतो आणि आतला भाग स्वतःच्या वाफेत शिजतो. म्हणजे ही एक लहानशी, पंख्याची, विजेवरची भट्टी झाली. बेकरीतली भट्टी मोठी आणि सावकाश तापणारी. ही लहान आणि चटकन तापणारी, एवढाच काय तो फरक.

हॉलंडमधील फ्रेड व्हॅन डर वाय या संशोधकाच्या खटपटीतून हे यंत्र घडले आणि फिलिप्स कंपनीने ते २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. तिकडच्या लोकांना बटाट्याच्या तळलेल्या फोडींचे मोठे वेड. त्या कमी तेलात व्हाव्यात हा हेतू. म्हणून नाव पडले ‘हवेने तळणारे’. पण आपण त्याला भाजण्याचे भांडे म्हटले की निम्मा घोटाळा मिटतो. चुलीच्या निखाऱ्यावर, आरावर किंवा तव्यावर जे जे आपण भाजतो, ते ते यात चांगले होते. कढईत ओल्या पिठाचे जे जे सोडतो, ते यात होत नाही. ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तर डबा फडताळावर चढणार नाही.

तेलाची गोष्ट

आपल्या आज्या-पणज्यांच्या रोजच्या जेवणात तळण कुठे होते? बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, कालवण, भाजलेली मिरची, शेंगदाण्याची चटणी. कढई चढायची ती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. करडई किंवा शेंगदाण्याचे तेल घाण्यावरून मोजून यायचे आणि पळीने मोजून वापरले जायचे. आता पिशवीतले तेल किराणा दुकानात केव्हाही मिळते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. रोज काही ना काही तळले जाते आणि मग एके दिवशी मामंजींना छातीत कळ येते. डॉक्टर सांगतात, “तळलेले बंद.” त्या दिवसापासून घरात दोन पंगती होतात. नातवंडे भजी खातात आणि म्हातारा माणूस ओट्यावर बसून नुसता वास घेतो. हे दुःख लहान नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहार-मार्गदर्शनात वरून वापरायच्या तेल-तुपाचे रोजचे माप दिले होते. बैठे काम करणाऱ्या बाईला २० ग्रॅम, बैठ्या पुरुषाला २५ ग्रॅम, आणि अवजड कष्ट करणाऱ्या पुरुषाला ४० ग्रॅमपर्यंत. म्हणजे उसाच्या फडात राबणारा आणि दिवसभर घरी बसणारा यांना एकाच पळीने वाढणे बरोबर नाही. आपल्या घरी किती तेल जाते हे पाहणे सोपे आहे. महिन्याला लागलेले तेल घरातल्या माणसांच्या संख्येने भागावे. डोईमागे महिन्याला ६०० ग्रॅम ते सव्वा किलो यांच्या दरम्यान आकडा येतो की त्याच्या पुष्कळ वर जातो, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट ज्यांना डबा घ्यायचाच नाही त्यांच्याही कामाची. पदार्थ कढईत असतो तेव्हा त्यातून वाफ बाहेर येत असते, म्हणून तेल फारसे आत शिरत नाही. पदार्थ बाहेर काढला की तो निवू लागतो, आतली वाफ विरते आणि अंगावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून तळण काढताच झाऱ्यात चांगले झटकावे, लगेच कागदावर किंवा चाळणीवर सुटे पसरावे. परातीत एकावर एक रचून ठेवले की तेल मुरलेच. तळून उरलेले तेल काळे, चिकट झाले की ते पुन्हा चढवू नये. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये वाढतात. म्हणूनच केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांनाही याबाबत मर्यादा घालून दिली आहे.

डब्यामुळे तेल नक्कीच वाचते. जिथे कढईत अर्धा लिटर ओतावे लागते, तिथे चमचाभर तेल पदार्थाला चोळून भागते. मात्र तेल कमी झाले म्हणजे मीठ कमी झाले असे नव्हे, आणि बटाटा बटाटाच राहतो. रक्तदाब व मधुमेह असलेल्यांनी पथ्य सोडू नये.

आधी वीज पाहा

शहरातल्या माणसाला हा विचार करावा लागत नाही, आपल्याला करावा लागतो. हा डबा साधारण १,४०० ते १,५०० वॉटचा असतो. म्हणजे नऊ वॉटचे दीडशेहून अधिक दिवे एकदम लावल्यासारखे. १,५०० वॉटचा डबा रोज पाव तास चालला तर महिन्याला सव्वाअकरा युनिट जळतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला एकशे बारा-तेरा रुपये. घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर चढतो, हेही लक्षात ठेवावे. ज्यांचे बिल काठावर आहे त्यांना ते अधिक लागेल.

दुसरी गोष्ट दाबाची. गावठाणातली वीज आणि शेतातल्या वस्तीवरची वीज यांत फरक असतो. डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातले दिवे मंद होतात, हे वस्तीवरच्या बाईला सांगायला नको. दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तर तापणाऱ्या तारेची उष्णता शंभरातली साठएक हिस्सेच उरते. मग वीस मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते आणि पदार्थ कुरकुरीत होण्याऐवजी वाळकट होतो. अशा घरी मोटारी बंद असतील ती वेळ साधावी. दाब फारच खाली-वर होत असेल तर काचेवर आकडे उमटणारे यंत्र घेण्यापेक्षा दोन साध्या कळांचे, फिरवायच्या बटनांचे घ्यावे. त्यात बिघडण्यासारखे कमी असते.

तिसरी गोष्ट जोडणीची. हा डबा टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या लहान पॉइंटवर, लोंबकळत्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये. वायर तापते आणि आग लागू शकते. मोठ्या पिनेचा, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट वायरमनकडून बसवून घ्यावा. घराला अर्थिंग आहे ना, हे त्याच वेळी तपासून घ्यावे. ओल्या हाताने खण ओढू नये. घरातल्या नेहमीच्या लहान इन्व्हर्टरवर हा डबा चालत नाही. प्रयत्नही करू नये.

यात काय चांगले होते?

प्रत्येक यंत्राचा स्वभाव थोडा वेगळा. खाली दिलेले आकडे अंदाजाचे समजावेत आणि पहिल्या खेपेला दोन मिनिटे आधीच खण उघडून पाहावा. पदार्थ घालण्याआधी डबा रिकामाच तीन मिनिटे तापवून घ्यावा. पदार्थ एका थरात, सुटा मांडावा. गच्च भरला की हवा फिरत नाही आणि पदार्थ उकडल्यासारखा होतो. निम्म्या वेळेला खण ओढून पदार्थ हलवावा किंवा उलटावा.

शेंगदाणे : आपल्या घरात रोज लागणारी वस्तू. अर्धा किलो दाणे, १६० अंश, दहा ते बारा मिनिटे. मधे दोनदा हलवावे. काढताना किंचित नरम लागले तरी चालतात, निवल्यावर खुसखुशीत होतात. साली मात्र बाहेर काढल्यावरच चोळाव्यात. आत सुट्या झाल्या तर पंख्याने उडतात.

हिरवी मिरची व लसूण : ठेच्यासाठी मिरच्यांना चीर द्यावी, नाहीतर फुटतात. तेलाचे बोट लावून १८० अंशांवर पाच-सहा मिनिटे. सोबत लसणाच्या पाकळ्या सालासकट घालाव्यात. तव्यावर मिरची भाजताना घरभर जो खाट उठतो, तो पुष्कळ कमी होतो. बाळंतिणीच्या आणि दमेकऱ्याच्या घरी ही मोठीच सोय आहे.

वांगे : भरताच्या वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचावे, तेल चोळावे, २०० अंश, वीस ते पंचवीस मिनिटे. साल अलगद निघते. चुलीच्या धुराची चव यात येत नाही, हे खरे. ती हवी असेल तर भरीत पातेल्यात घेऊन मधे वाटीत लाल निखारा ठेवावा, त्यावर दोन थेंब तेल सोडून पाच मिनिटे झाकण घालावे.

रताळी, कणसे, कांदे : एकादशीला, महाशिवरात्रीला रताळी उकडण्याऐवजी भाजून पाहा. मध्यम रताळी सालासकट २०० अंशांवर अर्धा तास. साखर वर येऊन ती अधिक गोड लागतात. मक्याचे कणीस तेलाचा हात लावून बारा ते पंधरा मिनिटे. मटणाच्या वाटणाचा कांदा जाड फोडी करून पंधरा मिनिटांत खरपूस होतो. सुके खोबरे मात्र चटकन जळते. ते १५० अंशांवर तीन मिनिटे ठेवावे आणि तिथून हलू नये.

कोथिंबीर वडी, अळूवडी : या डब्याचे खरे मानकरी हेच पदार्थ. उंडे नेहमीसारखे वाफवून, निववून, वड्या कापाव्यात. दोन्ही बाजूंनी तेलाचा हात फिरवावा. १९० अंश, दहा ते बारा मिनिटे, मधे उलटावे. तळलेल्या वडीच्या जवळपास चव येते आणि म्हातारी माणसे सुखाने खातात.

खारोड्या, पापड, सांडगी मिरची : बाजरीच्या खारोड्या १७० अंशांवर चार-पाच मिनिटांत छान भाजतात. उडदाच्या पापडाला तेलाचे बोट लावून दोन-तीन मिनिटे. तो हलका असल्याने पंख्याने उडून तारेला लागतो, म्हणून वर लहान स्टीलची जाळी ठेवावी. सांडगी मिरची १६० अंशांवर तीन-चार मिनिटे.

बटाट्याच्या फोडी : बोटाएवढ्या लांब फोडी करून अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, फडक्यावर कोरड्या कराव्यात, चमचाभर तेल चोळावे, १९० अंश, अठरा ते वीस मिनिटे. मीठ-तिखट शेवटी. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ फार तापून तपकिरी झाले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. कढई असो वा डबा, ते टळत नाही. फोडी भिजवल्याने ते कमी होते आणि सोनेरी रंगावर थांबले की फार वाढत नाही. काळपट करून ‘खरपूस’ म्हणण्याची हौस सोडावी.

शंकरपाळी, करंजी, कापण्या : होतात, पण मोहन नेहमीपेक्षा थोडे जास्त लागते. करंजीला वरून तुपाचा हात. १७० अंश, बारा ते पंधरा मिनिटे. चव तळलेल्याची नव्हे, बिस्किटाच्या वळणाची. पाहुण्यांसाठी तळलेल्या कराव्यात आणि पथ्याच्या माणसासाठी यात वेगळ्या दहा कराव्यात. त्यांचेही ताट भरते.

शिळी भाकरी : चतकोर करून तेल-तिखट लावून १६० अंशांवर पाच-सात मिनिटे. मुले खाऱ्यासारखी खातात आणि अन्न वाया जात नाही.

मांसाहारी घरांसाठी

अमेरिका-इंग्लंडात या डब्यात नेहमी केला जाणारा पदार्थ म्हणजे बेकन. डुकराच्या पोटाकडचे चरबीदार मांस मिठात मुरवून, कधी धुरी देऊन, त्याच्या पातळ पट्ट्या कापतात. पुण्यासारख्या शहरांत ती पाकिटे मिळतात आणि आपल्या जिल्ह्यातही ज्या घरी हे मांस चालते तिथे ती येऊ लागली आहेत. या पदार्थाला डबा का मानवतो ते समजून घेण्यासारखे आहे. पट्टीतली चरबी तापून वितळते, त्याच चरबीत पट्टी खरपूस होते आणि उरलेली चरबी जाळीतून खाली निथळते. वरून तेलाचा थेंब लागत नाही. पट्ट्या एका थरात मांडाव्यात. १८० अंश, आठ ते दहा मिनिटे. त्याहून जास्त उष्णता दिली तर निथळलेली चरबी धुरते, म्हणून खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालावे. मीठ मुळीच घालू नये, ते आधीच मुरलेले असते. साठलेली चरबी निवल्यावर पुसून टाकावी. मोरीत ओतली तर थिजून नळी तुंबते.

मात्र हा रोजचा पदार्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली असे मुरवलेले, टिकवलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत घातले आहे. कधीमधी चार पट्ट्या, एवढेच ठीक.

मांस मीठ-हळद लावून उन्हात वाळवून ‘चान्या’ करण्याची आणि त्या निखाऱ्यावर भाजून खाण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. तत्त्व तेच, खारवून टिकवावे आणि आपल्याच चरबीत भाजावे. तसेच आठवडे बाजारातल्या सुक्या बोंबलाचे. डोके-शेपटी काढून, धुऊन, पुसून, तेलाचे बोट लावून १७० अंशांवर चार-पाच मिनिटे. डब्याला वास राहतो, म्हणून लगेच धुवावा.

मुळा धरणाच्या किंवा जायकवाडीच्या फुगवट्याच्या कडेच्या गावांत रोहू, कटला सहज मिळतो. तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, आले-लसूण लावून अर्धा तास ठेवावे. वरून तांदळाचे पीठ किंवा रवा, त्यावर तेलाचा हात. १९० अंश, बारा ते पंधरा मिनिटे. ब्रॉयलर कोंबडीची तंगडी १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटांत होते. हाडाजवळ सुरी खुपसून पाहावी. लालसर पाणी आले तर आणखी पाच मिनिटे ठेवावी. अर्धकच्चे कोंबडीचे मांस खाऊन आजार होतो. गावरान कोंबडी मात्र कच्ची आत घालू नये, ती चामड्यासारखी होते. आधी कुकरला शिजवावी, रस्सा बाजूला काढावा आणि मग तुकडे दहा मिनिटे खरपूस करावेत.

काय होत नाही?

भजी आणि बटाटेवडे होत नाहीत. ओले पीठ तापलेल्या तेलात पडताच चारी अंगांनी एकदम आवळते; हवेत ते आवळायच्या आधीच जाळीतून गळते. कुरडई आणि साबुदाण्याची पापडी तेलात जशी क्षणात फुलते तशी हवेत फुलत नाही. कारण तेवढी उष्णता एकदम देण्याची ताकद हवेत नाही. शेव, अनारसे, पुरी यांना कढईच हवी. चकली होते, पण दाताला कडक लागते. भाकरी-चपाती यात करू नये, तव्याला तोड नाही. चिवड्याचे पातळ पोहे उडतात.

हुरडाही यात नको. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर असे खास हुरड्याचे ज्वारीचे वाण दिले आहेत आणि हुरड्याची गोडी आहे ती शेतातल्या आगटीची, गोवरीच्या आराची. शिवाय कणसाची सुटी कुसे पंख्याने उडून लाल तारेला लागली तर पेट घेतील. दहा माणसांचा स्वयंपाकही यात होत नाही. चार लिटरच्या डब्यात एका खेपेला दोन-तीन माणसांपुरतेच मावते. मोठ्या खटल्यात हा डबा वरकड कामाचा, मुख्य चुलीचा नव्हे.

निगा

आतल्या खणाला काळा, गुळगुळीत लेप असतो. तो राखेने, काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासला की आठ दिवसांत उडतो. घरातल्या सगळ्या बायकांना आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला हे आधी सांगावे. खण निवल्यावर कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून मऊ फडक्याने धुवावा. आतून लोखंडी उलथने लावू नये. वरच्या तारेवर तेल उडालेले असते. वीज काढून, पूर्ण गार झाल्यावर डबा उलटा करून ओल्या फडक्याने पुसावे. नाहीतर पुढच्या खेपेला धूर येतो. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा, मागून गरम हवा येते. त्यावर प्लास्टिकचे डबे, फडकी ठेवू नयेत. काम झाले की पिन काढून ठेवावी. लहान पोर खण ओढील, हे भय मनात असू द्यावे.

घ्यावा की नाही?

अंथरूण पाहून पाय पसरावेत. साधा डबा चार-पाच हजारांपासून पुढे मिळतो. घेण्यापूर्वी घरात बसून या गोष्टी स्वतःला विचाराव्यात : घरी तळलेले वर्ज्य असलेले माणूस आहे काय? आठवड्यातून निदान चार दिवस तळण होते काय? वीज दिवसातून चार-पाच तास तरी नीट दाबाने असते काय? मोठा पॉइंट आणि अर्थिंग आहे काय? दुरुस्तीचे केंद्र तालुक्याला किंवा नगरला आहे काय? पाचपैकी चारांना ‘होय’ असेल तर डबा कामाला येईल. रोख घ्यावा, दुकानाच्या शिक्क्याचे बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे. हप्त्यावर घेऊन व्याज भरावे, इतकी ही निकडीची वस्तू नाही.

‘नाही’ जास्त असतील तर मनाला रुखरुख लावून घेऊ नये. आप्पेपात्रात चमचाभर तेलात वडे होतात. अळूवडी तव्यावर झाकण घालून दोन्ही बाजूंनी खरपूस होते. वांगे गॅसवर भाजता येते. आणि घरात अजून धुराचीच चूल असेल, तर ते पाच हजार आधी गॅसची शेगडी-सिलिंडर सुरळीत करण्यात आणि स्वयंपाकघराला खिडकी पाडण्यात घालावेत. कढईतले तेल महिन्यातून चार-आठ वेळा पोटात जाते. चुलीचा धूर बाईच्या छातीत दिवसातून दोनदा जातो.

एक फायदा मात्र कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो. या डब्याला वेळ लावून दिली की तो आपोआप बंद होतो आणि घंटी वाजवतो. उकळते तेल नाही, भडका नाही. म्हणून जो मुलगा कधी चुलीपुढे बसला नाही, जे कारभारी स्वतःचा चहा करत नाहीत, त्यांनाही दाणे भाजायला, रताळी लावायला शिकवता येते. आपण कांदे खुरपायला किंवा धार काढायला गेलो असताना घरातल्या पुरुषाने मिरच्या भाजून ठेचा तयार ठेवला, तर डब्याचे पैसे वसूल झाले असे समजावे.

ज्यांच्या घरी डबा आला आहे त्यांनी कोणते पदार्थ साधले आणि कोणते बिघडले ते पत्राने जरूर कळवावे. विजेचा दाब आणि लागलेली मिनिटेही लिहावीत, म्हणजे वस्तीवरच्या भगिनींना त्याचा उपयोग होईल. पुढच्या अंकी उन्हाळी वाळवणात बुरशी व किडे होऊ नयेत म्हणून काय करावे, ते पाहू.